हिरव्या ठिपक्याची खुर्ची

'प्रमाणित करण्यात येते की, सदर कर्मचारी (पद: सुतार, श्रेणी एक, उंची: मध्यम, चष्मा: आहे, ओळखीची खूण: डाव्या अंगठ्याचे नख अर्धे) यांनी शालेय आसन विभागात सलग तेहतीस वर्षे सेवा केली. सदर कालावधीत त्यांनी चार ते सोळा या वयोगटातील मुलांकरिता अंदाजे एकोणचाळीस हजार सहाशे आसने तयार केली. त्यांपैकी एकही आसन मापात चुकल्याच्या कारणावरून परत आलेले नाही. मुलांच्या वाढीबाबत त्यांना असलेली जाण अनुकरणीय आहे. त्यांचे उर्वरित आयुष्य सुखासमाधानाचे जावो, अशी व्यवस्थापनाची इच्छा असून त्या इच्छेस सक्षम अधिकाऱ्याची मंजुरी आहे.'

हे प्रमाणपत्र त्याला निवृत्तीच्या दिवशी मिळालं. चौकट त्याने घरी आणून बदलली, कारण ऑफिसने दिलेल्या चौकटीचे कोपरे काटकोनात नव्हते. बायकोने ते हातात घेऊन मोठ्याने वाचलं. ती दाराजवळच्या खोलीत लहान मुलांची शिकवणी घ्यायची, त्यामुळे काहीही वाचताना मागून वर्ग म्हणणार आहे असं गृहीत धरून वाचायची. 'वाढीबाबत त्यांना असलेली जाण' इथे ती थांबली.

"हे कुणी लिहिलं?"

"ऑफिसनं."

"घरी चौकशी केलेली दिसत नाही."

पलीकडे खाटेवर त्यांची मुलगी तीन उशांच्या आधाराने कलंडून बसली होती आणि आईचा टोमणा आवडून हसत होती. मुलगी पंचवीस वर्षांची होती. तिची पाठ एका अंगाला कमानीसारखी वळली होती. मान सावरून, पाठ धरून तिला सरळ बसवील अशी खुर्ची घरात नव्हती. ती का नव्हती, हे तिघांनाही ठाऊक होतं. तिघांनाही ठाऊक आहे हे मात्र त्या वेळी एकट्या मुलीलाच ठाऊक होतं.

कारखान्यात त्याला मिलिमीटर म्हणत. कारखाना शाळांसाठी बाकं आणि खुर्च्या करायचा. भिंतीवर एक तक्ता होता: या वयाच्या मुलाचा गुडघा जमिनीपासून इतका, कंबर इतकी, खांदा इतका. चार ते सहा वर्षांच्या मुलाच्या खुर्चीला बैठकीखाली पिवळा ठिपका, सात ते नऊला हिरवा, पुढे निळा, मग तांबडा. मिलिमीटरला हा तक्ता झोपेत विचारला तरी म्हणता आला असता. शिकवणीला येणारी पोरं तो नावांनी नाही, ठिपक्यांनी ओळखायचा. "तुझा तो हिरवा आज आला नाही का?" असं बायकोला विचारायचा. "हिरवा कुठला? सुटीत निळ्यावर गेला तो," असं ती सांगायची. मुकादम म्हणायचा, "हा माणूस हॉटेलात गेला तर आधी गुण्या लावून टेबल काटकोनात आहे का बघेल, मग चहा सांगेल." खोटं नव्हतं. एकदा चहा सांगायचा राहूनच गेला होता.

मुलगी जन्मली तेव्हा बराच वेळ रडली नाही. त्या काही मिनिटांत मेंदूत जे व्हायचं ते झालं. हात-पाय ताठ राहायचे, मान ठरायची नाही, घास गिळायला जेवणाइतकाच वेळ लागायचा, आणि बोलणं काही आलं नाही. कागदावर 'सेरेब्रल पाल्सी' असं लिहून आलं. डोळे वर केले की हो, मिटले की नाही, एवढ्या दोन शब्दांवर ती घर चालवायची. दूध गरम आहे, नको. हा सदरा नको, तो हवा. आत्या आली आहे, डोळे बंद. खाटेवरून न हलता सगळ्यांना कामाला लावते म्हणून घरात तिचं नाव पडलं साहेब.

साहेब दोन वर्षांची असताना तिला मोठ्या डॉक्टरांना दाखवलं. मोठे डॉक्टर भले माणूस होते. त्यांनी तिला नीट तपासलं, पायांना हळूच ताण देऊन पाहिला, डोळ्यांसमोर बोट फिरवलं. मग लिहिता लिहिता, मान वर न करता म्हणाले, "अशी मुलं दहा वर्षं काढतात. फार तर बारा. जपा तिला." सांगताना त्यांचा आवाजही हलला. अशी पंचवीस-तीस मुलं त्यांनी पाहिली असतील, आणि जी बरी राहिली ती पुन्हा त्यांच्याकडे कशाला येतील? त्यांच्या हिशेबात न आलेल्या मुलांनाच जास्त आयुष्य होतं. पण ही अक्कल मागाहूनची आहे. त्या दिवशी दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना बायको रडत होती आणि मिलिमीटर तोंडातल्या तोंडात आकडा म्हणत होता. माणसांवर त्याचा फारसा विश्वास नव्हता. आकड्यावर मात्र होता.

साहेब चार वर्षांची झाली तेव्हा त्याने तिच्यासाठी खुर्ची केली. महिनाभर कारखान्यातून आल्यावर रोज दोन तास खपला. मानेच्या दोन बाजूंना आधार, छातीला रुंद पट्टा, मांड्या जवळ येऊ नयेत म्हणून मधे गोल ठोकळा, पावलांना फळी. सगळे सांधे कूस-सालाचे, म्हणजे खाचेत जीभ ठोकून सरसात बसवलेले. खिळा एक नाही, स्क्रू एक नाही. मुकादम मुद्दाम घरी बघायला आला. खुर्चीभोवती एक फेरी मारून म्हणाला, "मिलिमीटर, ही शंभर वर्षं हलणार नाही रे."

खरंच हलणारी नव्हती. पाठ वर सरकत नव्हती, फळी खाली जात नव्हती, बैठक मागे होत नव्हती. वाढत्या मुलाची खुर्ची अशी बंद करायची नसते, हे कारखान्यात त्याच्याइतकं कुणाला कळत नव्हतं. एखाद्या नव्या सुताराने असली खुर्ची केली असती तर त्याने ती उभ्या उभ्या फोडायला लावली असती. पण घरच्या खुर्चीला सरकायची सोय ठेवायची म्हणजे मनात कुठेतरी बारानंतरचं धरून चालायचं, आणि तेवढी उमेद त्याने स्वतःला दिली नाही. बैठकीखाली पिवळा ठिपका मात्र लावला. नियम म्हणजे नियम.

त्या खुर्चीत साहेबांची तीन वर्षं राजेशाही गेली. मान वर, डोळे समोर, घास बिनठसक्याचा. शिकवणीची पोरं फळ्यावरचं म्हणायची आणि ती सगळ्यांच्या वरून बघायची. कुणी पाय अडकून आपटलं की खुर्ची हलेल इतकं हसायची. खुर्ची अर्थातच हलायची नाही.

सातव्या वर्षी बायको म्हणाली, "अहो, गुडघे वर यायला लागलेत हिचे. आता हिरव्या ठिपक्याची करायला घ्या."

"बघू."

आठव्या वर्षी म्हणाली, "पट्टा पोटावर येतोय. छातीवर हवा ना?"

"बघू म्हटलं ना."

"बघताय कधीपासून. डोळे दुखले असतील एव्हाना."

नवव्या वर्षी तिने विचारलं नाही. उशा आणल्या. एक मागे, एक डावीकडे, एक गुडघ्यांखाली. खाटेवर उशांच्या बेचक्यात साहेब बसू लागली, म्हणजे एका अंगाला घसरू लागली. खुर्ची कोपऱ्यात गेली. बायको तिच्यावर शिकवणीच्या वह्यांचा गठ्ठा ठेवायची. अशी मजबूत वस्तू टाकवत नाही.

'बघू'च्या मागे काय होतं ते त्याने कुणाला सांगितलं नाही. आळस नव्हता. दोन-तीनदा त्याने लाकूड निवडून बाजूला काढलं होतं. पण हिरव्या ठिपक्याची खुर्ची मनात उभी राहिली की ती रिकामी उभी राहायची. खुर्ची झाली, सरस वाळला, आणि बसणारी नाही. तशी खुर्ची घरात बघायची त्याची छाती नव्हती. त्यापेक्षा खुर्ची नसलेली बरी, असा त्याने मनाशी सोपा हिशेब केला. त्या हिशेबात मुलगी रोज कुठे बसणार, हा प्रश्न आलाच नाही.

त्याच सुमारास विशेष मुलांच्या शाळेतल्या बाई घरी येऊन गेल्या. गाडी दारात येईल, सोडायला माणूस असेल. मिलिमीटर म्हणाला, "उगाच दगदग कशाला तिला? आहे ते दिवस सुखात जाऊ देत." बायको दोन दिवस भांडली आणि आठ दिवस अबोला धरला. शाळेच्या बाई पुन्हा आल्या नाहीत. साहेब खाटेवर, शिकवणी समोर, असं चालू राहिलं.

बारावा वाढदिवस आला. मिलिमीटरने आठवडाभराची रजा टाकली. कारणाच्या रकान्यात लिहिलं: घरगुती. त्या आठवड्यात तो खाटेजवळून उठला नाही. मुलीने खाणं कमी केलं होतं, डोळे सताड उघडे ठेवून पडायची, पापणी मिटायला तयार नसायची. त्याला वाटलं, झालं, डॉक्टर म्हणाले तसंच होणार. आत्या, म्हणजे त्याची थोरली बहीण, येऊन बसली आणि खाटेच्या पायथ्याशी पदर डोळ्यांना लावून म्हणाली, "सुटेल बिचारी." आठवा दिवस उजाडला. मुलीने पेलाभर दूध घेतलं आणि पायरीवरून उतरताना आत्याची चप्पल तुटली तेव्हा जन्मात हसली नव्हती तेवढी हसली. मिलिमीटर कामावर गेला.

"झालं का काम?" मुकादमाने विचारलं. त्याला रजेचं कारण ठाऊक नव्हतं.

"नाही."

"मग पुन्हा रजा लागेल?"

"बघू," मिलिमीटर म्हणाला.

तेरावं गेलं, पंधरावं गेलं, विसावं गेलं. आकडा खोटा ठरला होता, पण त्याच्याभोवती बांधलेलं घर तसंच उभं होतं. आज-उद्याचं म्हणून जे जे केलं नव्हतं ते परवाही झालं नाही. आधी मणका किंचित वळला, मग दिसेल इतका वळला, मग उजवीकडच्या फासळ्या कमरेच्या हाडाला टेकल्या. मुलीचा सदरा शिवताना बायको एक बाजू आखूड कापायची आणि तोंडातून ब्र काढायची नाही. टोमण्यांत तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, पण हा टोमणा तिने कधी मारला नाही. मारला असता तर बरं झालं असतं, असं त्याला पुष्कळदा वाटायचं.

निवृत्तीनंतरच्या थंडीत साहेबांच्या छातीत दोनदा कफ दाटला. दुसऱ्या वेळी अकरा दिवस इस्पितळात काढावे लागले. मोठे डॉक्टर केव्हाच निवृत्त झाले होते. त्यांच्या खोलीत आता एक तरुण डॉक्टरीणबाई बसायच्या. घरी सोडायच्या दिवशी त्यांनी मिलिमीटरला समोर बसवलं.

"काका, तिसऱ्यांदा असं झालं तर जड जाईल. तिला बसवता कशात?"

"उशांत."

"उशांत बसवत नाहीत, काका. उशांत ठेवतात. घास भरवताना मान मागे पडते, घास श्वासाच्या वाटेला जातो. शिवाय पाठ वाकल्यामुळे उजव्या फुप्फुसाला जागाच नाही. तिला तिच्या मापाची खुर्ची लागेल. ह्या थंडीला नाही जमलं, निदान पुढच्या थंडीच्या आत."

मिलिमीटरने मान हलवली. मग चोवीस वर्षं पोटात ठेवलेलं वाक्य बाहेर आलं.

"मोठे डॉक्टर म्हणाले होते, बारा वर्षं."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "तेव्हा बरेच जण सांगायचे तसं. थोडा त्रास असलेली मुलं जवळजवळ तुमच्या-आमच्याइतकं जगतात. हिच्यासारखी, मान न धरणारी, हाताने न खाणारी, त्यांना धोका जास्त असतो, ते मी नाकारत नाही. पण त्यांच्यातलीही कितीतरी तिशी ओलांडतात, काही आणखी पुढे जातात. नीट बसवलं, नीट भरवलं, वजन राखलं, छाती मोकळी ठेवली, की फरक पडतो."

"किती?"

"आकडा मागताय?"

"हो."

"आकडा घोळक्याचा असतो, काका. एकट्या माणसाचा नसतो."

हे त्याला एका झटक्यात कळलं, आणि कळलं नसतं तर बरं झालं असतं. तक्त्यावरचं मूल तेहतीस वर्षांत त्याने एकदाही पाहिलं नव्हतं. प्रत्येक वर्गात कुणाचे पाय लोंबकळत असायचे, कुणाचे गुडघे बाकाला लागायचे. तक्ता खुर्च्या करायला ठीक होता. पोर कसं आहे ते पोराकडेच बघून कळायचं.

"लहानपणापासून नीट खुर्ची असती तर पाठ सरळ राहिली असती?"

"सरळच राहिली असती असं नाही म्हणणार. काहींची तरीही वाकते. पण इतकी कदाचित नसती. खाणं, श्वास, त्यात नक्की फरक पडला असता."

"किती?"

"ते कुणीच सांगू शकणार नाही."

बाराचा आकडा त्याला न मागता मिळाला होता. आयुष्यात पहिल्यांदा मागितला तो मिळाला नाही.

घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी त्याने लाकूड आणलं. फळ्या मागच्या पडवीत भिंतीला टेकवून ठेवल्या. रंधा परजला, पटाशीला धार लावली, पेन्सिलीला टोक केलं. पेन्सिलीला रोज नवं टोक व्हायचं आणि रोज ते तसंच राहायचं. महिना गेला, दुसरा गेला. पुढच्या थंडीला आठ महिने उरले, मग सात, मग सहा. बायको पडवीत कपडे वाळत घालताना फळ्यांकडे बघून म्हणायची, "लाकडाला मुळं फुटली का बघा."

"सुकतंय अजून."

"लाकूड की तुम्ही?"

खाटेजवळ टेप घेऊन तो दोनदा गेला. एकदा खांद्यापासून कमरेपर्यंत टेप धरला आणि उजव्या अंगाला डाव्यापेक्षा अकरा सेंटीमीटर कमी भरले. त्याने टेप गुंडाळून खिशात टाकला. या पाठीचं माप घ्यायचं म्हणजे एकोणीस वर्षांच्या 'बघू'चं माप घ्यायचं. मुलगी त्याच्याकडे बघत राहिली. तो पडवीत जाऊन पेन्सिलीला टोक करत बसला.

डॉक्टरीणबाईंनी आठवड्यातून एकदा व्यायाम घ्यायला एक ताई पाठवली होती. मोठ्या आवाजाची, हसरी मुलगी. एक दिवस ती एक पुठ्ठा घेऊन आली. त्यावर ओळींनी अक्षरं होती. आपण एकेक ओळ बोटाने दाखवत जायचं, हवी ती ओळ आली की तिने डोळे वर करायचे, मग ओळीतलं एकेक अक्षर.

"ताई, तिला अक्षरं कुठली यायला?" बायको म्हणाली. "शाळा नाही शिकली ती."

"करून बघू या, काकू. नाही जमलं तर चित्रांचा आणते."

पहिलं वाक्य यायला सात मिनिटं लागली. ताई बोट फिरवत होती आणि बायको कागदावर एकेक अक्षर उतरवत होती. कागदावर आलं: आत्या नको.

ताई खोखो हसली. मिलिमीटरही हसला. बायको कागदाकडे बघत राहिली. मग भिंतीला टेकून खाली बसली. "या फळ्यावर वीस वर्षं परक्या पोरांना शिकवत होते मी," ती म्हणाली. "पोरं काना विसरायची, मात्रा विसरायची. चुकलं की ही हसायची. मला वाटायचं, पोरं आपटतात म्हणून हसते."

साहेबांनी डोळे वर केले आणि मग, जरा थांबून, मिटले. म्हणजे दोन्ही.

पुढच्या आठवड्यात घराचा कारभार पुठ्ठ्यावर आला. मीठ कमी. पंखा. हा पोरगा नक्कल करतो, पाटी बघ. बायकोने शिकवणीतल्या त्या पोराची पाटी पाहिली. नक्कल होती.

एका सकाळी बायको बाजारात गेली होती. मिलिमीटर खाटेच्या काठावर बसून तिला दूध भरवत होता. पेला रिकामा झाल्यावर मुलीने पुठ्ठ्याकडे डोळे नेले. त्याने पुठ्ठा उचलला आणि बोट फिरवायला लागला. त्याला सवय नव्हती, दोनदा ओळ चुकली. लिहून घ्यायला कागद घ्यायचं सुचलं नाही, म्हणून अक्षरं तो तोंडाने म्हणत गेला.

दुसरी का नाही केली.

कोणती दुसरी, असं विचारण्याइतका तो निर्लज्ज नव्हता. पुठ्ठा मांडीवर ठेवून त्याने कोपऱ्यातल्या खुर्चीकडे पाहिलं. तिच्यावर वह्या होत्या.

"डॉक्टर म्हणाले होते," त्याने सुरुवात केली आणि पुढचं त्याला म्हणता येईना.

तिने पुन्हा पुठ्ठ्याकडे पाहिलं. या वेळी एकच शब्द होता. बारा.

"तुला कुणी सांगितलं?"

तुम्हीच. इथे. किती वेळा.

ते खरं होतं. तिला काय कळतंय म्हणून ते या खोलीतच बोलायचे. तो, बायको, आत्या, शेजारी. पिवळ्या ठिपक्याच्या खुर्चीत बसलेल्या मुलीच्या डोक्यावरून, तिच्या आयुष्याचा आकडा, चहाच्या कपाबरोबर.

त्याचं बोट थांबलं होतं. तिने डोळ्यांनीच त्याला पुढे चालायला लावलं. ओळ, अक्षर, ओळ, अक्षर. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवली, कुणीतरी दार आपटलं. त्याने ते वाक्य पूर्ण होईपर्यंत म्हटलं आणि झाल्यावर पुन्हा एकदा म्हटलं, कारण पहिल्यांदा ते अक्षरांचं होतं, वाक्याचं नव्हतं.

मी पण मोजत होते.

मग त्याला तो बारावा वाढदिवस आठवला. सताड उघडे डोळे, मिटायला तयार नसलेली पापणी. ती आजारी पडली आहे असं समजून तो उशाशी बसला होता. ती घाबरली होती. बारा वर्षांचं पोर आठवडाभर मरण येण्याची वाट बघत जागं होतं, आणि बाप त्याच खाटेवर बसून तीच वाट बघत होता, आणि दोघांनी एकमेकांना काही विचारलं नाही. तिला विचारता येत नव्हतं. त्याला येत होतं.

"मला वाटलं, लागणार नाही," तो म्हणाला. हे त्याने कुणापुढेही पहिल्यांदाच कबूल केलं.

तिने पुठ्ठ्याकडे पाहिलं. एकच शब्द.

लागली.

माफी मागावी असं त्याच्या मनात आलं, पण त्यासाठी शब्द त्याला सापडेनात, आणि पुठ्ठ्यावर तर ते कुणी लिहिलेले नव्हते. शेवटी तिनेच हटकलं. आता तिला काम सांगायचं होतं.

उंच करा. खिडकीतून रस्ता दिसत नाही.

"किती उंच?"

तिने डोळे मिटले. या प्रश्नाला ती उत्तर देणार नव्हती. ते त्याचं काम होतं.

बायको बाजारातून आली तेव्हा तो टेप घेऊन खाटेवर गुडघ्यांवर बसला होता आणि मुलीच्या पाठीला हाताच्या पंजाने चाचपत होता. तिने पिशवी खाली ठेवली. कागद घेतला. तो आकडे सांगत गेला, ती लिहीत गेली. उजव्या खांद्याचा आकडा त्याने पुटपुटला.

"किती म्हणालात?" तिने विचारलं.

त्याने पुन्हा सांगितलं. तिने लिहिलं.

खुर्ची व्हायला अडीच महिने लागले. हाताखाली एकही सरळ रेघ यायची नाही. पाठीला फळी चालेना, म्हणून त्याने बोटभर रुंदीच्या अठरा पट्ट्या केल्या आणि प्रत्येक पट्टी वेगवेगळी मागेपुढे होईल अशी नटबोल्टवर बसवली. आयुष्यात पहिल्यांदा त्याने घरातल्या कामाला लोखंड लावलं. ताई येऊन बसवून बघायची, दोन पट्ट्या मागे, एक पुढे, पुन्हा बसवायची. मुकादम एकदा आला. त्याला काठी लागत होती. त्याने खुर्चीभोवती हळूहळू एक फेरी मारली.

"मिलिमीटर, बोल्ट?"

"सरकवता यायला हवं."

"आता कशाला सरकवायचंय? पोरगी वाढायची थांबली की रे."

मिलिमीटरने नट घट्ट केला. "असू दे," तो म्हणाला.

थंडी सुरू व्हायच्या तीन दिवस आधी साहेब त्या खुर्चीत बसली. बसवायला तिघं लागली. मान मधोमध राहिली. पाठ सरळ झाली नाही. ती आता होणारही नव्हती. वाकडी पाठ खुर्चीने धरून ठेवली, एवढंच. बायकोने पहिला घास भरवला. ठसका लागला नाही. दुसरा भरवला. मुलगी खिडकीतून बाहेर बघत होती. रस्त्यावर समोरच्या दुकानदाराने दार उघडलं, पायरी झाडली आणि आत गेला. ती त्या दाराकडे बघत राहिली, आणि घास तोंडात तसाच राहिला.

"गीळ आधी," आई म्हणाली. "दुकान कुठे पळून जातंय?"

त्या थंडीत छाती एकदा भरली, पण इस्पितळात जावं लागलं नाही. पुठ्ठ्यावर मुलीने पुन्हा कधी बाराचा विषय काढला नाही. मिलिमीटर रोज सकाळी तिला खुर्चीत बसवतो, अठरा पट्ट्यांवरून हात फिरवतो, आणि ती डोळे वर करीपर्यंत तिथून हलत नाही. बायको शिकवणी घेते. आता कुठल्या पोराची अक्षरं चुकली ते तिला मागे वळून विचारता येतं. कधी कधी पोरं पाटी पुसत असताना तो मागच्या भिंतीला टेकून उभा असतो आणि ठिपके मोजतो: एक पिवळा, दोन हिरवे, एक निळा. मोजता मोजता मधेच थांबतो आणि पडवीत निघून जातो. पडवीत आता करण्यासारखं काही काम नसतं.

मुलीसाठी त्याने दोन खुर्च्या केल्या. पहिली ती चार वर्षांची असताना, दुसरी सव्वीस वर्षांची असताना.